इंग्रजीला नाक कसं मुरडावं: कामठी सोडून गेलेल्या नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. व्हिसा आला, नागपूरच्या विमानतळावर आत्याने पिशवीत संत्रा बर्फीचे दोन डबे कोंबले, मोठ्या काकांनी ‘पोचला की मिस कॉल दे’ म्हणून बजावलं, आणि आता तुम्ही सिंगापूर, डब्लिन, मेलबर्न, गेलाबाजार हिंजवडीत बस्तान बसवताय. (हिंजवडी परदेशात धरली आहे. का, ते पुढे येईल.) नव्या मुलखात घर, बँकेचं खातं आणि सिमकार्ड यांच्या पाठोपाठ लागणारी चौथी वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या इंग्रजीबद्दलचं मत. ते नसलं की समाजमाध्यमांवर माणूस नवखा दिसतो. पुष्कळांना हे मत बनवायचं कसं ते ठाऊक नसतं. बिचारे वर्षातून एकदा ‘हॅपी दिवाळी फ्रॉम डब्लिन’ टाकतात आणि गप्प बसतात. हे धडे त्यांच्यासाठी आहेत.

साहित्य

एक फोन, भरपूर डेटा आणि शाळेचा जुना व्हॉट्सॲप गट, ज्याचं नाव अजून ‘दहावी ब’ आहे. त्या गटात येरखेड्यात नाहीतर रनाळ्यात राहणारे आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार पाठवणारे निदान चार जण हवेत, कारण श्रोते नसतील तर विद्वत्ता कुणापुढे मांडणार? शेवटची वस्तू म्हणजे विसराळूपणा. तो विकत मिळत नाही, पण विमान उडाल्यावर आपोआप येतो.

विसरायचं काय ते सांगतो. महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तुमच्या ज्या बाईंनी ते शिकवलं, त्यांना स्वतःला ते पाचवीपासून मिळालं होतं. त्या रात्री घरी पुस्तक वाचून सकाळी वर्गात उभ्या राहायच्या. त्यांच्याच शिदोरीवर तुम्ही पुढे आयईएलटीएस काढली. त्या परीक्षेत तुमचं बोलणं समजतं की नाही हे पाहतात, ते कोणत्या गावाकडून आलंय याचे गुण कापत नाहीत. हे सगळं विसरा. नाहीतर पुढचा एकही धडा जमणार नाही.

धडा पहिला: मौन

पहिले काही महिने काहीही लिहू नका, कारण या काळात लोक तुम्हाला हसत असतात. बँकेत फोन केला की पलीकडची बाई तीनदा ‘सॉरी?’ म्हणते. आडनाव सांगताना तुम्ही ‘डी फॉर दिल्ली’ म्हणता आणि ती विचारते, ‘डेल्टा?’ आपल्याकडे ‘व’ एकच, तिकडे दोन. त्यामुळे तुम्ही ‘वेस्ट’ म्हणालात की दिशा सांगताय की बनियन, ते तिला कळत नाही. मीटिंगमध्ये तुम्ही पाच मिनिटं जीव तोडून बोलता, साहेब हसून ‘ग्रेट’ म्हणतो, आणि तीच गोष्ट शेजारचा दोन वाक्यांत बोलला की वहीत लिहून घेतो.

हा अपमान वाया घालवू नका. कुणाला सांगूही नका, विशेषतः घरी. तो आत नीट मुरू द्या. पुढल्या सगळ्या पोस्टींचं भांडवल हेच आहे.

हिंजवडीकरांनाही हे लागू. तिथे जेवणाच्या टेबलावर तुम्ही ‘काय करून राह्यला’ म्हणालात की चार जण खुदखुदतात, एक जण तर ‘परत म्हण ना, क्यूट आहे’ म्हणतो. दोन महिन्यांत तुम्ही ‘काय करतोयस’वर येता. तिसऱ्या महिन्यात मौद्याकडचा नवा पोरगा रुजू होतो, ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ म्हणतो, आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी हसता. तो ओशाळून खाली बघतो ना, ते त्याचं मौन सुरू झालं. अभ्यासक्रम असा पुढे जातो.

धडा दुसरा: कोणाला मुरडावं, कोणाला मुरडू नये

बहुतेक नवशिके इथे गोता खातात. त्यांना वाटतं की व्याकरण चुकलं म्हणजे हसायचं. तसं नाही, भाऊ. व्याकरणाचा इथे काही संबंध नाही. आधी बोलणारा कोण ते पाहायचं, मग त्याचं पारपत्र, आणि वाक्य सगळ्यांत शेवटी.

डब्लिनचा सहकारी ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय लंच’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘आत्ताच जेवलो’. हे इंग्लंडचं इंग्रजी नव्हे. आयरिश भाषेची वाक्यरचना इंग्रजी शब्दांत उतरली, त्यातून ते आलंय. कामठीचा मेव्हणा म्हणतो, ‘ही इज देअर ओन्ली’. त्यामागे ‘तो तिथेच आहे’ मधला ‘च’ आहे. दोन्हीकडे एकच प्रकार घडलाय: माणूस घरच्या भाषेत विचार करून परक्या भाषेत बोलला. तुम्ही मात्र पहिल्यावर लिहायचं, ‘लव्ह दिस आयरिश चार्म’, आणि दुसऱ्याचा स्क्रीनशॉट काढून कपाळावर हात मारणाऱ्या चित्रासह गटावर टाकायचा. मेलबर्नचा माणूस दुपारला ‘आर्वो’ आणि नाश्त्याला ‘ब्रेकी’ म्हणतो. ते शिकून आठवडाभरात वापरायला लागा. आपल्याकडे कुणी ‘कन्फर्म’चं ‘कन्फम’ केलं तर मात्र क्षमा नाही.

सिंगापूरला गेलेल्यांचं काम थोडं अवघड आहे, म्हणून त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

तिथलं बोलीतलं इंग्रजी म्हणजे सिंग्लिश. त्यात मलय, होक्कियन, तमिळ, सगळ्यांची सरमिसळ. जेवणाच्या हॉकर सेंटरमध्ये स्टॉलवरच्या काकांना विचारलं, ‘तिखट कमी करता येईल का?’ तर ते कढईवरची नजर न हलवता म्हणतात, ‘कॅन.’ नाही म्हणायचं असेल तर ‘कॅनॉट.’ जास्तच लाडात आले तर ‘कॅन, ला!’ कर्ता नाही, मुख्य क्रियापद नाही, आणि गिऱ्हाइकाचं काम दोन सेकंदांत झालं. आता कामठीच्या गोराबाजारातल्या शिंप्याला विचारा, ‘शनिवारपर्यंत होईल का?’ तोंडात टाचण्या धरून तो म्हणेल, ‘होते न.’ कर्ता त्याच्याही वाक्यात नाही आणि तो ‘न’ नेमका त्या ‘ला’चंच काम करतो. गिऱ्हाइकाला धीर देतो, सलगी दाखवतो आणि मुद्दा संपवतो. कामठीच्या माणसाला सिंग्लिश पहिल्याच दिवशी कळायला हवं. कळतंही.

पण कळलं असं दाखवायचं नाही. तुम्ही लिहायचं, ‘इतका श्रीमंत देश, आणि इंग्रजी बघा!’ लाइक मिळतील, विशेषतः आपल्याच लोकांचे. कारण बाहेरून आलेल्या माणसाला त्या देशात पगार, पास आणि घरभाडं सगळ्यांत कुणीतरी वरचढ भेटतं. इंग्रजी हीच एक जागा, जिथे त्याला वाटतं आपण वर आहोत. आयईएलटीएसची फी बापाने भरली ती कुठेतरी वसूल व्हायला नको?

या कामी तिथल्या सरकारचाही आधार घेता येईल. 1999 च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात पंतप्रधान गो चोक टोंग यांनी टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतल्या फुआ चू कांग या सिंग्लिश बोलणाऱ्या पात्राचा उल्लेख करून त्याने इंग्रजी सुधारावं असं सुचवलं, आणि 2000 साली ‘चांगलं इंग्रजी बोला’ चळवळ अधिकृतपणे सुरू केली. हे जरूर उद्धृत करा. मात्र 2016 मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने सिंगापूरच्या बोलीतले बरेच शब्द दाखल करून घेतले, ते वगळा. आणि त्या काकांना तुमच्या इंग्रजीबद्दल काय वाटतं याची चौकशी करू नका. ‘हे लोक फार भरभर आणि फार लांब बोलतात’ असं ते म्हणण्याचा संभव आहे.

धडा तिसरा: इतिहासापासून चार हात लांब

हा धडा महत्त्वाचा, कारण कामठीकराचा घात इथेच होतो. दुसऱ्या गावचा माणूस ‘आमच्याकडे इंग्रजी उशिरा आलं’ म्हणून सुटू शकतो. आपल्याला ती सोय नाही. इंग्रजांची सीताबर्डीची लढाई 1817 ची, त्यांची कामठीची छावणी 1821 ची. म्हणजे इंग्रजी या गावात दोनशे वर्षं राहतंय, आणि पहिल्या दिवसापासून ते राणीचं इंग्रजी नव्हतं.

छावणी होती मद्रास सैन्याची. शिपाई तमिळ-तेलुगू मुलखातले, त्यांच्या मागोमाग आलेले व्यापारी आणि खानसामे तिकडचेच. त्यांच्यापैकी कैक घराणी इथलीच झाली. ब्रिटिश सैन्यात त्या काळी आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. आणि इंग्रजी शिकवणारा पाद्री? स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात 1883 पासून आहे. हा मनुष्य स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डन्स गावचा. 1845 साली तो या भागात आला आणि 1863 मध्ये पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. तेव्हा या मुलखातल्या पोरांनी शाळेत इंग्रजी ऐकलं ते स्कॉटिश ‘र’ घोळवत. नंतर उत्तरेकडून मोमिन विणकर आले, कोळशाच्या खाणींवर आणखी कुठकुठचे आले. कामठी हे गावच आलेल्यांचं. प्रत्येक आलेला आधीच्याच्या बोलण्याला हसला असणार, आणि तिसऱ्या पिढीत तसंच बोलू लागला असणार.

आता तुम्ही ज्या शब्दांची टर उडवणार आहात ते घ्या. ‘आऊट ऑफ स्टेशन’. अमेरिकेतला सहकारी विचारतो, कसलं स्टेशन, रेल्वेचं? तुम्ही खजील होता आणि रात्री पोस्ट लिहिता: ‘दहा शब्द जे भारतीयांनी बंद केले पाहिजेत.’ पण स्टेशन म्हणजे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची नेमणुकीची जागा. कामठी हे तसं स्टेशनच होतं. साहेब दौऱ्यावर गेला की तो स्टेशनबाहेर. शब्द साहेबाचाच, साहेब घरी गेला आणि शब्द आपल्याकडे राहिला. ‘डू द नीडफुल’ही त्यांच्याच कचेरीतलं, त्यांनी टाकून दिलं, आपण सांभाळलं.

‘पास आऊट’ तर कामठीकराने अजिबात काढू नये. ‘आय पास्ड आऊट इन 2014’ म्हटल्यावर परदेशी माणूस काळजीने विचारतो, चक्कर का आली होती? यावरचे विनोद फिरून फिरून गुळगुळीत झालेत. पण कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. शिक्षण पुरं झालेले जवान शपथ घेऊन संचलन करत बाहेर पडतात. त्या कार्यक्रमाला काय म्हणतात? पासिंग आऊट परेड. इंग्लंडच्या सैन्यातही तेच म्हणतात. गावातल्या पोराने कॉलेज संपवल्यावर तोच शब्द उचलला तर त्याने काय गुन्हा केला? त्याच्या कानावर लहानपणापासून बँडसकट तोच आलाय.

‘प्रीपोन’चा तर नादच करू नका. हा शब्द आपल्या कारकुनांनी काढला असं सगळे समजतात. 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका वाचकाने पत्र लिहून ‘पोस्टपोन’चा जोडीदार म्हणून हा शब्द सुचवला होता. अमेरिकेने तो वापरला नाही, आपण वापरला, आणि आज तो इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत आहे. तुमच्या दहा शब्दांच्या यादीतून हे चार गेले की उरले सहा. सहा शब्दांची यादी व्हायरल होत नाही.

धडा चौथा: प्रत्यक्ष पोस्ट

बाजारातल्या पाटीचा फोटो हा सुरुवातीला सर्वांत सोपा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान निवडा, तिथे ‘रिपेअर’चं स्पेलिंग हमखास वेगळं असतं. चायनीजची गाडीही चालते; ‘मंचुरियन’ शब्द तीन गाड्यांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. फोटो तुम्ही काढायचा नाही, गावातल्या मित्राकडून मागवायचा. वर लिहायचं, ‘ओन्ली इन कामठी’, आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. चार चेहरे टाकले तर पोरकट वाटतं.

उत्तरं काय येतात याचा एक नमुना देतो, म्हणजे तयारी राहील.

‘काहून बे, तिकडे जाऊन लयच साहेब झाला का?’

इथे नवशिका घाबरतो. घाबरू नका. ‘अरे जोक होता, चिल’ लिहा.

‘जोक समजते आम्हाले. तो दुकानवाला तुह्या बापाचा फोन फुकटात करून देते, हे बी लिही खाली.’

आता विषय बदला. हवामानाचा फोटो टाका. तिसरा एखादा ‘जाऊ द्या न भाऊ, सकाळी सकाळी काय लावलं’ म्हणत येईल, चौथा गुलाबाचं फूल टाकेल, आणि गट पूर्वपदावर येईल. दोन दिवस मात्र काही लिहू नका. त्या दुकानदाराची पाटी चुकली, पण त्याचं गिऱ्हाईक कधी चुकून दुसऱ्या दुकानात गेलेलं नाही, हा मुद्दा कुणी काढलाच तर वाचला नाही असं दाखवा. निळी खूण बंद ठेवण्याची सोय गटात चालत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पुढची पायरी रीलची. यात डोक्यावर ओढणी घेऊन आपली आई इंग्रजी कशी बोलते ते करून दाखवायचं असतं. हा प्रकार नाजूक आहे. निस्सीम इझिकेल हे मुंबईचे मोठे इंग्रजी कवी; मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजात जन्मलेले. त्यांनी भारतीय इंग्रजीच्या ढंगात काही कविता लिहिल्या, आणि ती थट्टा होती की माया, यावर समीक्षक अजून वाद घालतात. इतक्या मोठ्या कवीला जी सीमारेषा साधली की नाही याची खात्री देता येत नाही, ती तुम्हाला नव्वद सेकंदांत साधेल असं गृहीत धरून चालू. आई स्वतः ते रील पाहील, ‘छान केलं रे बाबू’ म्हणेल आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर जावईबापूंसमोर ‘हाऊ आर यू’ म्हणायचं सोडून देईल. ‘इंग्लिश विंग्लिश’ हा 2012 चा सिनेमा गौरी शिंदेंनी याच गोष्टीवर काढला. पुण्याची शशी गोडबोले लाडू उत्तम करते, आणि तिच्या इंग्रजीला हसणारे तिच्या घरातच असतात. तो सिनेमा बघून तुम्ही रडला होतात. तेही साहित्याच्या यादीतल्या विसराळूपणात घाला.

एक अडचण

अभ्यासक्रम पूर्ण करताना एक गोष्ट आडवी येते, ती प्रामाणिकपणे नोंदवतो. 14 एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीला, लंडनपासून मेलबर्नपर्यंत पसरलेले आपलेच लोक एक अभिवादन लिहितात: जय भीम. ते रूढ करण्याचं श्रेय बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. जन्म 1904, गाव कामठी. विडी कामगारांची संघटना बांधली, 1937 मध्ये विधिमंडळात निवडून गेले आणि 1939 मध्ये, पस्तिशीतच वारले. गावाने जगाला दिलेला सर्वांत दूर गेलेला शब्द हा. तो कोणत्या उच्चारात म्हटला यावरून आजवर कुणी कुणाला हसलेलं नाही. या धड्यांच्या चौकटीत हे कसं बसवायचं ते जमलेलं नाही. तूर्त तो दिवस सुट्टीचा धरावा.

सराव

सुट्टीत गावी आलात की सराव आपोआप मोडतो. नागपूरहून येणाऱ्या ऑटोत बसताना तुम्ही ‘हाऊ मच’ म्हणता, ऑटोवाला ‘बैठो ना भैया, जो समझ में आए दे देना’ म्हणतो, आणि छावणीची झाडं दिसेपर्यंत तुम्ही त्याच्याशी गड्डीगोदामच्या पुलावरून भांडायला लागलेले असता, तेही अस्सल कामठी हिंदीत. याला इलाज नाही. परत गेल्यावर पहिल्या धड्यापासून सुरुवात करा.

एवढं करूनही पोस्ट टाकायचीच असेल, तर डू वन थिंग. ज्याच्या इंग्रजीबद्दल ती लिहिली आहे, त्याला टाकण्याआधी एकदा वाचायला द्या. तो हसला तर बेधडक टाका.